एकवीस चिकट नॉब

नवरात्र आलं हे मला कॅलेंडरवरून कळत नाही, बोटांवरून कळतं. घट बसले की दोन-तीन दिवसांत मी माळ्यावरून अण्णाचा सिंथेसायझर खाली काढते, त्याच्यावरची जुनी चादर सोडते, आणि पहिल्या नॉबला बोट लागतं ते लागतंच. ओढून काढावं लागतं. सुटताना बारीक 'चट्' असं वाजतं आणि बोटावर काळा डाग उरतो. त्याला वास असतो, पावसात भिजून कोपऱ्यात राहिलेल्या रबरी चपलेचा. मला शिसारी येते. दर वर्षी येते, आणि दर वर्षी थोडी जास्त.

मुळात मी नाक मुरडणाऱ्यांतली, हे आधीच कबूल करते. मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत मी सत्तावीस वर्षं काचेची भांडी विसळते आहे. काच आधी धुवायची, मग पाहायची, मग पुन्हा धुवायची, असं हाताला वळण पडलेलं. मेट्रोतला दांडा मी रुमालानं धरते. लिफ्टचं बटण कोपरानं दाबते. हॉटेलात इडली येण्याआधी टेबल पुसणारा तो ओला फडका पाहिला की माझी भूक मरते. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणतो, "शारीला देवळातलं तीर्थसुद्धा गाळून पाहिजे." अगदीच खोटं नाही.

अशा बाईनं बंगळूरात दसरा काढायचा म्हणजे शिक्षा आहे. परतीचा पाऊस चारच्या ठोक्याला येतो, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. त्यात आयुधपूजा. गावात जेवढी चाकं आहेत तेवढ्यांपुढे कोहळे फुटतात, आत कुंकू भरलेले. रिक्षापुढे, बसपुढे, दुधाच्या गाडीपुढे, महादेवपुऱ्यातल्या काचेच्या इमारतींमधल्या कंपन्यांच्या दारातसुद्धा. दुसऱ्या दिवशी रस्ताभर तो लाल-पांढरा गर, बिया, त्यावरून गेलेल्या टायरांचे पट्टे, माशा, आणि गाड्यांना बांधलेल्या केळीच्या खुंटांचा कुजकट वास. मी दोन बोटांत साडी धरून चालते आणि श्वास तोंडानं घेते. लोक हौसेनं कडलेपुरी वाटत असतात, चुरमुऱ्यांत फुटाणे, बत्तासे आणि खोबऱ्याचे तुकडे. मला ती पुडी हातात घ्यावी लागते, कारण देणारे शेजारी असतात.

आणि तरीही मीच दर वर्षी ते यंत्र खाली काढते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची, ही आमच्या घरातली रीत. आम्ही इथले मराठी, तीन-चारशे वर्षांपासूनचे. कुणा पूर्वजाच्या हातात तलवार होती म्हणे. आता विळी, कात्री, अण्णाचा पेचकस, माझ्या स्कूटरची चावी आणि तो सिंथेसायझर. पाटावर मांडायचं, गंध लावायचं, कुंकवाचा ठिपका द्यायचा, फूल ठेवायचं. दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हत्यारांनाही एक सुट्टी.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बारा वर्षांपूर्वी त्यानं एका जुन्या विद्यार्थ्याकडून हे यंत्र परदेशातून आणवलं. पट्ट्या दोनच सप्तकं, पण वर एकवीस नॉब. गणपतीच्या दूर्वांएवढे, म्हणून मला तो आकडा शुभ वाटला होता. या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. साध्या कीबोर्डवर बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. इथे तसं नाही. एकवीस नॉब जिथे जिथे उभे असतील, तो त्या घटकेचा आवाज. एक जरी हलला तरी आवाज बदलला. अण्णाला याचंच वेड होतं. "शारी, हे बघ, या डब्यात काही नाही," तो म्हणायचा, "आवाज इथं आहे," आणि बोटांची टोकं दाखवायचा.

ते नॉब तेव्हा किती देखणे होते, हे मला आजही लिहावंसं वाटतं. वरून रबराचा मुलायम थर, बाळाच्या कानाच्या पाळीसारखा. फिरवताना ना सैल, ना घट्ट. लोण्यात सुरी जावी तसा फिरायचा आणि सोडला तिथे थांबायचा. प्रत्येकावर एक खोल कोरलेली पांढरी रेघ. मधला मोठा नॉब लिंबाएवढा, तो फिरवला की बंद दारामागचा आवाज हळूहळू दार उघडून बाहेर यावा तसं व्हायचं. मी नॉब पुष्कळ पाहिलेत. आमच्या जुन्या रेडिओचा, जो फिरवताना तबकडीमागचा दोरा करकरायचा. पंख्याच्या रेग्युलेटरचा, खटखट बोलणारा. प्रयोगशाळेतल्या बर्नरच्या पितळी चावीचा, पन्नास वर्षं झाली तरी जो बोटाला गार आणि स्वच्छ लागतो. पण या नॉबांसारखं हाताला गोड काही लागलं नव्हतं. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्या वर्षी अण्णानं गणपतीपासून एका आवाजाचा ध्यास घेतला. नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाला आमच्या भागातल्या मैदानावर कार्यक्रम असतो. त्यासाठी त्याच्या एका मित्रानं कन्नड गाणं लिहिलं होतं आणि ते मी गाणार होते. मी तेव्हा गायची. बरी गायची, असं लोक म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. गाण्यात वाऱ्याचा उल्लेख होता. वाऱ्याला कन्नडमध्ये गाळी म्हणतात. अण्णाला खरोखरची गाळी हवी होती. सोसाट्याची नको, माडाच्या झावळीतून येते तेवढी. महिनाभर तो शाळेतून आला की नॉब फिरवत बसायचा. कधी शिट्टी यायची, कधी पिठाची गिरणी, कधी दम्याचं माणूस. "येतीय, येतीय," म्हणायचा आणि हाताशी आलेली ती घालवून बसायचा.

ललितापंचमीला ती सापडली. मी स्वयंपाकघरात होते. अंगावरून वारं गेल्यासारखं वाटलं म्हणून मी खिडकीकडे बघितलं, तर खिडकी बंद. बाहेरच्या खोलीत अण्णा हात वर करून बसला होता, कशालाही धक्का लागू नये म्हणून. "गा," म्हणाला, एवढंच. हातातलं पीठ तसंच ठेवून मी गायले. त्या आवाजावर गळा ठेवला की तो आपोआप तरंगायचा. दोन-तीन दिवस आम्ही रोज गायलो. मी आयुष्यात तेवढं चांगलं कधीच गायले नाही, आणि हे मी आता पंचावन्नाव्या वर्षी सांगते आहे, तेव्हा त्यात बढाई नाही. "नॉब कुठे आहेत ते कागदावर लिहून ठेव," मी त्याला म्हटलंही होतं. "उद्या," तो म्हणाला. अष्टमीला सकाळी मी गाण्याचे शब्द देवनागरीत स्वच्छ लिहून त्याला दिले आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडच्या बाहुल्या बघायला गेले. इथे नवरात्रात घरोघरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात.

नवमीला पहाटे आंघोळ करून मी पूजेची मांडणी करायला घेतली. विळी घासली, कात्री पुसली. मग त्या यंत्राकडे वळले आणि मला पहिल्यांदा दिसलं की नॉबांच्या कडेला अण्णाच्या बोटांचा मळ बसला होता. महिनाभराचा घाम, खडू, शेंगदाण्याचं तेल. देवापुढे असं ठेवायचं? मी ओला फडका घेतला, पिळला आणि एकेक नॉब पुसत गेले. पुसताना ते फिरले. फिरलेले बघून मला आणखी एक गोष्ट खटकली, त्यांच्या पांढऱ्या रेघा सगळ्या वेड्यावाकड्या होत्या. एक इकडे, एक तिकडे. त्यावर कुंकवाचे ठिपके किती वाईट दिसतील! मग मी सगळ्या रेघा सरळ केल्या, एकवीसच्या एकवीस, घड्याळात बारा वाजतात तशा. रेघेच्या टोकाला एकेक ठिपका दिला. लांबून पाहिलं, आणि मला इतकं छान वाटलं, इतकं छान वाटलं, की त्या वाटण्याची मला पुढे बारा वर्षं लाज वाटली.

यंत्रात स्मरणशक्ती नाही हे मला सांगितलेलं होतं. पण कानावर पडलेलं आणि हातात उतरलेलं यात फरक असतो. आवाज यंत्रात असतो, असंच माझे हात समजत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अण्णा आंघोळ करून आला. पाटाकडे बघून उभा राहिला. बराच वेळ.

"शारी," तो म्हणाला, "हे काय केलीस गं?"

"स्वच्छ केले. कसं ओळीत दिसतंय बघ."

तो पाटापुढे वाकला. नमस्कार केला आणि आत गेला. दसऱ्याच्या संध्याकाळी यंत्र उघडलं तेव्हा त्यातून पिठाची गिरणी आली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "असू दे. पूजेत गेली." राज्योत्सवापर्यंत त्यानं शोधली, ती आली नाही. कार्यक्रमात त्यानं दुसऱ्या कीबोर्डवर तयार बासरी वाजवली आणि दुसरी एक मुलगी गायली, कारण मी नाही म्हटलं. माझ्या हातून घडलं होतं, मी कुठल्या तोंडानं गाणार? पुढे ते घरातलं विनोदाचं वाक्यच झालं. पाहुणे आले की अण्णा हसून सांगायचा, "आमच्या शारीनं गाळी पुसून टाकली." मीही हसायची. त्यानंतर मी गायले नाही. देवापुढे आरती म्हणते, तीही सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी यंत्र माळ्यावर गेलं. आणि तिथे, चादरीखाली, त्या देखण्या नॉबांनी आपला खरा रंग दाखवायला सुरुवात केली. पाचव्या वर्षी हाताला जरा ओलसर लागले. मला वाटलं पावसाची हवा. सातव्या वर्षी बोटाचा ठसा उमटला. मग पूजेचं कुंकू पुसेना, त्या चिकटात रुतून बसलं. त्यावर पुढच्या वर्षीचं कुंकू, त्यावर माळ्यावरची धूळ, झुरळाचा एक पाय, माझ्याच फडक्याचे धागे. आता प्रत्येक नॉब चोखून टाकलेल्या चॉकलेटसारखा दिसतो, जो कुणीतरी कुंकवात लोळवला आहे. हे लिहितानाही माझ्या दाढा आवळताहेत.

या वर्षी केतकी आली. ती पुण्याची, महादेवपुऱ्यात एका आयटी कंपनीत काम करते, आणि फ्लॅटमध्ये हौसेनं संगीत बनवते. अण्णाच्या एका विद्यार्थ्याकडून तिला यंत्राबद्दल कळलं. तिनं नॉबला बोट लावलं आणि "ईऽऽ!" करून मागे घेतलं. मला ती तिथेच आवडली.

"काकू, हे सॉफ्ट-टच कोटिंग असंच डिग्रेड होतं," ती म्हणाली. "दमट हवेत रबर मेल्ट झाल्यासारखं होतं. ऑनलाइन सगळे रडतायत. बनवणाऱ्यांना माहीत असणार ना? पण शोरूममध्ये हाताला भारी लागतं, मग कोण विचारतंय दहा वर्षांनी काय होईल!"

तिचं बोलणं माझ्या मनात रुतलं. प्रयोगशाळेतली पितळी चावी कुणी हाताला गोड लागावी म्हणून बनवली नव्हती, टिकावी म्हणून बनवली होती. हे नॉब विकले जाण्याच्या दिवसापुरते बनवलेले. पहिल्या स्पर्शाला लोणी, पुढचं ज्याचं त्यानं पुसावं. माझ्या मते ही फसवणूक आहे.

"काका, मला द्याल का हा? मी ठीक करून वापरीन," केतकीनं विचारलं. अण्णा म्हणाला, "सरी, देतो की. दसऱ्याला येऊन घेऊन जा." इतक्या सहज म्हणाला! यंत्र गेलं की माझी चूक कायमची पक्की झाली. जे मी घालवलं ते परत मिळायची जी काही एक फट होती, तीही बंद. त्याला एकदा तरी म्हणायचं होतं, अण्णा, बस, पुन्हा शोधू या, मी शेजारी बसते. बारा वर्षांत धीर झाला नाही. आणि त्या पोरीच्या हातात ही घाण द्यायची? मी म्हटलं, निदान स्वच्छ करून देईन. माझ्या हातानं घालवलं, माझ्या हातानं धुऊन देते.

म्हणून परवा, अष्टमीला दुपारी, वर्तमानपत्र पसरून बसले. फणस कापायला बसतात तसं हाताला खोबरेल चोपडलं. स्पिरिटची बाटली, कापूस, जुना टूथब्रश. नॉब उपटून काढायचा, स्पिरिटच्या कापसानं चोळायचा. काळा चीक सुटून यायचा, त्यात लाल रेषा. वर्षावर्षाचं कुंकू. कापूस बोटाला, बोट नॉबला, नॉब कागदाला. दोनदा उठून मी गॅलरीत जाऊन आले. पण चिकाखालून कडक, काळं, साधं प्लास्टिक निघत होतं, आणि ते कोरडं होतं. त्या कोरडेपणाचा मला केवढा आनंद झाला! अण्णा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होता. म्हणजे पेपर धरून बसला होता.

अकरा झाले. बारावा मधला मोठा नॉब. तो ओढला, तर त्याच्या आत, जिथे तो धातूच्या काडीवर बसतो तिथे, काहीतरी कोंबलेलं दिसलं. आतली प्लास्टिकची नळी उभी तडकली होती आणि नॉब घसरू नये म्हणून कुणीतरी कागदाची घडी दाबून बसवली होती. मी चिमट्यानं ती काढली, उलगडली. बोटभर पट्टी. त्यावर निळ्या शाईत माझं अक्षर. दोनच शब्द, 'स्वल्प गाळी'. थोडासा वारा. माझ्या गाण्याच्या कागदाचा खालचा कोपरा.

तो कागद मी त्याला अष्टमीला सकाळी दिला होता. नवमीला यंत्र पाटावर होतं. आणि दसऱ्याला ते उघडलं, तेव्हापासून मी कार्यक्रमापर्यंत रोज त्याच्या शेजारी बसून होते, त्यानं एकदाही नॉब काढला नव्हता.

"अण्णा, हे कधी घातलास?"

त्यानं पेपर खाली केला नाही.

"अण्णा."

"अष्टमीला," तो पेपरामागून म्हणाला. "तू बाहुल्या बघायला गेली होतीस."

मग पेपर खाली आला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोराचा.

"मोठा नॉब घसरायलाय असं वाटलं. काढलो. काढताना आतली काडी फिरली. कागद घालून बसवलो, तर आवाज गेला होता. मग एक हलवलो, दुसरा हलवलो. दिवे लागेपर्यंत सगळे हलवलो, शारी. तू येईपर्यंत काहीच राहिलं नव्हतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी सांगणारच होतो. आलो, तर तू सगळे सरळ करून ठेवलेलीस. ठिपके लावून." त्यानं पेपरची घडी घातली. "सुटलो असं वाटलं मला. अय्यो, इतकं वाईट वाटलं, आणि इतकं बरं वाटलं. मग एकदा बोलून गेलो, मग परत परत बोलावं लागलं."

वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे मला ठाऊक होतं. पण बारा वर्षं, प्रत्येक पाहुण्यासमोर, हसत हसत? आणि मी खुळी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होते, रागावला नाही म्हणून! मला किळस आली. नॉबांची नव्हे, त्याची. खुर्चीत बसलेल्या, वरून इतक्या मऊ वाटणाऱ्या माझ्या भावाची. मला त्याच्या जवळ बसवेना. मी उठले, मोरीत गेले, तेलानं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं हात धुतले. मी कुठे पुसली होती गाळी? मी पुसली ती फक्त बोटांची घाण. आणि गळा मात्र माझा बंद झाला.

बाहेर आले तेव्हा तो तसाच बसलेला. मी स्पिरिटची बाटली आणि कापूस त्याच्यापुढे सरकवला.

"मोठा धरून दहा राहिलेत," मी म्हटलं. "तू पूस."

त्यानं चष्मा सारखा केला आणि खाली येऊन बसला. पुसायची त्याला काडीची सवय नाही. बोटं बरबटली, सदऱ्याला लागलं, कपाळावर एक काळा पट्टा उमटला. मी मदत केली नाही. खिडकीशी उभी राहून खालच्या रस्त्यावर कोहळ्यांची रास उतरत होती ती बघत राहिले. उद्या हे सगळं फुटणार होतं. पाऊस आला, गेला. चहा मी एकाच माणसाचा केला.

मागून 'खट्' असं ऐकू आलं. त्यानं यंत्राची वायर लावली होती. नॉब परत बसवले होते, नागडे, कडक, एकही रेघ सरळ नाही. मोठ्या नॉबात माझी ती पट्टी त्यानं पुन्हा घडी करून घातली होती. तो फिरवत होता. शिट्टी आली. गिरणी आली. मग दम्याचं माणूस आलं, आणि त्यामागून, खूप लांबून, तीच गाळी नाही, पण तिच्या घरातली कुणीतरी. माझ्या मानेवर काटा आला. मी वळले नाही.

"शारी," तो म्हणाला, "गातीस काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दहाही बोटं काळी, वर लाल रेषा, आणि ती बोटं यंत्राच्या पट्ट्यांवर.

"आधी हात धुऊन ये," मी म्हटलं.